लाकडी काडीनं पेटणारं रॉकेट

बेळगावच्या उद्यमबागेत पॅटर्न करत मला एकतीस वर्षं झाली. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत ठसा उठवायला त्या वस्तूचं लाकडी रूप लागतं, ते घडवणं हे माझं काम. म्हणून रशियाचं सोयूझ रॉकेट लाकडाच्या काडीनं पेटतं हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा हातातली पटाशी बाजूला ठेवून मी तो परिच्छेद परत वाचला.

खालून बघितलं तर मधल्या भागाला चार आणि भोवती जोडलेल्या, वर गेल्यावर सुटून पडणाऱ्या चार ब्लॉकना चार-चार, अशी २० मोठी ज्वलनकक्षं दिसतात. शिवाय दिशा सांभाळायला १२ लहान. इंधन रॉकेलच्या जातीचं, जोडीला द्रवरूप ऑक्सिजन. प्रत्येक कक्षात खालून बर्चच्या लाकडाची टी आकाराची काडी सरकवतात. तिच्या टोकाला दारू आणि एक बारीक तार. दारू पेटली की तार तुटते, आणि सगळ्या तारा तुटल्या हे कळल्याशिवाय इंधनाचे व्हॉल्व्ह उघडत नाहीत. एक जरी कक्ष मागं राहिला तरी रॉकेट जागचं हलायचं नाही. कोरोल्योव्ह यांनी आखलेल्या ज्या आर-७ रॉकेटनं १९५७ साली स्पुटनिक हा पहिला उपग्रह नेला आणि १९६१ मध्ये पहिला अंतराळवीर गागारिन यांना, त्याच घराण्यातलं हे. पिढ्या बदलल्या, पण पाच खांबांची ती बांधणी तीच आहे. आमच्यात चांगला पॅटर्न असाच जपतात. झिजला तर डागडुजी करायची, मोडीत काढायचा नाही.

पण मला सांगायचंय ते २०१८ च्या ११ ऑक्टोबरबद्दल. ओव्हचिनिन आणि हेग हे दोघं अंतराळवीर बायकोनूरच्या तळावरून सोयूझमधून निघाले. दोन मिनिटांच्या आसपास बाजूचे चार ब्लॉक सुटायचे असतात. तीन नीट सुटले, चौथा मधल्या भागावर आदळला. बचावयंत्रणेनं त्यांची कुपी, म्हणजे दोघं बसलेला कप्पा, क्षणात बाजूला ओढली आणि दोघं जिवंत उतरले. चौकशीत कारण निघालं ते असं: ब्लॉक सुटल्याची खूण देणाऱ्या सेन्सरची पिन जुळणी करताना वाकली होती. जेमतेम पावणेसात अंश!

ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. नवीन होतो तेव्हा पंपाच्या हाउसिंगचा दोन भागांचा पॅटर्न करत होतो. दोन्ही भाग एकमेकांवर नेमके जुळवणारी डॉवेल पिन बसंना, म्हणून मी हातोडीनं ठोकून बसवली. मेस्त्री मागंच उभे होते.

"बसंना म्हंजे कायतरी चुकलंय बघ. ठोकू नको, काढून बघ आधी."

मी "व्हय" म्हटलं, आणि ते जेवायला गेल्यावर तशीच राहू दिली. साठ कास्टिंग दोन मिलीमीटर सरकलेली निघाली, सगळी परत भट्टीत. मेस्त्री रागावले नाहीत. पॅटर्न उघडून ती वाकडी पिन त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. आजही ती माझ्या खणात आहे. कामाला येणाऱ्या पोरांना, मग ती मराठी बोलणारी असोत की कन्नड, पहिल्या दिवशी मी ती दाखवतो.

राकेश शर्मांच्या सोबतीला गेलेले स्त्रेकालोव्ह तर त्याआधी जेमतेम सहा महिने, सप्टेंबर १९८३ मध्ये, तळावरच पेटलेल्या सोयूझमधून वाचले होते. स्फोटाच्या काही सेकंद आधी कुपी उडवली गेली. आणि एप्रिलमध्ये तो माणूस परत तसल्याच रॉकेटवर चढला.

ओव्हचिनिन आणि हेगही चढले. २०१९ च्या मार्चात, आपल्याकडं रात्री पाऊण वाजता. मी स्वयंपाकघरात मोबाइल डब्याला टेकवून बसलो होतो. बायको उठून आली, "अहो, झोपायचं नाही काय?" मी नुसता हात वर केला. दोन मिनिटं होऊन गेली, चारही ब्लॉक नीट सुटले, मग तिला म्हटलं, "ये, बस. आता बघ."