तुम्ही विचारलंत म्हणून : दुखण्याचा इतिहास मोबाईलवर का दिसत नाही?

मिरजेतील एका धर्मादाय रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात मी बरीच वर्षे काम करते. जुना केसपेपर किंवा हरवलेल्या डिस्चार्ज कार्डाची प्रत मागायला आलेले नातेवाईक खिडकीशी उभे राहून एक प्रश्न हमखास विचारतात, आणि तो अगदी रास्त आहे. "मॅडम, बँकेचा पै-पैचा हिशेब मोबाईलवर दिसतो, मग आईच्या दुखण्याचा का दिसत नाही? जत, सांगली, मिरज, कोल्हापूर, सगळीकडे ही कागदांची पिशवी घेऊन का फिरायचं?" मागे रांग असते, त्यामुळे खिडकीतून नीट उत्तर देता येत नाही, ते इथे देत आहे.

माझे मत असे आहे की नोंद लिहिण्याचे कष्ट एकाला पडतात आणि तिचा लाभ बहुधा दुसऱ्याच गावातील, दुसऱ्याच डॉक्टरला होतो, हीच या सगळ्यातील मूळ अडचण आहे. संगणक, इंटरनेट, पैसा यांचीही उणीव आहे, परंतु ती भरून निघाली तरी ही अडचण उरते. ज्या देशांनी पाण्यासारखा पैसा ओतला त्यांनाही ती चुकली नाही.

प्रश्नातील बँकेपासूनच सुरुवात करते. बँकेच्या व्यवहारात रक्कम, तारीख आणि दोन खाती एवढेच असते. शंभर रुपये सांगलीत शंभर आणि अथणीतही शंभरच. शिवाय नोंद हाच तिथे व्यवहार असतो, नोंद झाली नाही तर पैसे हललेच नाहीत. २०१६ मध्ये यूपीआय आले तेव्हा बँकांची खाती आधीच संगणकावर होती, त्यांना जोडणारा रस्ता तेवढा बांधायचा होता. दवाखान्यात मात्र नोंदीशिवायही उपचार होतो आणि बहुतेक वेळा तसाच होतो. डॉक्टर ताप पाहतात, पोट तपासतात, चिठ्ठीवर तीन औषधे लिहून देतात आणि पुढच्या रुग्णाकडे वळतात. चिठ्ठी रुग्णाच्या खिशात जाते, औषधाच्या दुकानात चुरगळते, आणि रुग्ण बरा झाला की टाकून दिली जाते. यात कुणाचा निष्काळजीपणा नाही, बाहेर बसलेली माणसे पाहूनच डॉक्टर असे वागतात.

वेळेचा हा हिशेब जगभर मोजला गेला आहे. २०१७ मध्ये बीएमजे ओपन या नियतकालिकाने ६७ देशांमधील तपासणीच्या कालावधीचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात स्वीडनमध्ये एका भेटीला साडेबावीस मिनिटे, बांगलादेशात ४८ सेकंद आणि आपल्याकडे सुमारे दोन मिनिटे असे चित्र होते. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतील डॉक्टरांचे निरीक्षण करून एक अभ्यास झाला होता. रुग्णासमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास संगणकीय नोंदी आणि टेबलावरच्या कामात जातात, असे त्यात आढळले. ही दोन निरीक्षणे शेजारी ठेवून पाहा. ज्या डॉक्टरकडे रुग्णासाठी दोनच मिनिटे आहेत, त्याने त्यातील किती टंकलेखनाला द्यावीत? उन्हाळ्यात आटपाडीच्या किंवा कवठेमहांकाळच्या बाजारादिवशी एखाद्या दवाखान्याच्या बाहेरचे बाकडे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे उत्तर मी सांगायला नको.

नोंद लिहिणाऱ्याला तिचे काही मोल मिळाले की ती होते, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. क्षयरोगाची नोंद सरकारला कळवणे २०१२ पासून बंधनकारक आहे आणि त्यासाठी निक्षय ही देशभराची एकच संगणकीय प्रणाली आहे. खासगी डॉक्टरने रुग्ण कळवला की त्याला ५०० रुपये मिळतात, उपचाराचा निकाल कळवला की आणखी ५००. रुग्णालाही आहारासाठी दरमहा रक्कम मिळते, जी आधी ५०० होती आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाली. त्यामुळे जतचा एखादा ऊसतोड कामगार गळीत हंगामात घर सोडून कारखान्याच्या तळावर गेला, तरी त्याच्या क्षयाची नोंद दुसऱ्या जिल्ह्यातील आरोग्य कर्मचाऱ्याला उघडता येते. त्याच कामगाराच्या बायकोला मधुमेह असेल, तर तिची नोंद कळवल्याबद्दल खासगी डॉक्टरला असे काही मिळत नाही. तिच्या साखरेचे आकडे कुठल्या तरी चिठ्ठीच्या मागे लिहिलेले असतात.

रुग्णाच्या उपचाराचा खर्च सरकार भरते त्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचेही तसेच आहे. त्या योजनेतील रुग्णाची कागदपत्रे आमच्याकडे वेळेवर आणि काळजीपूर्वक संगणकावर चढतात, कारण त्यांवाचून रुग्णालयाला पैसे मिळत नाहीत. परंतु जी नोंद पैसे मिळवण्यासाठी होते, ती पैसे देणाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरे देते. शस्त्रक्रिया कोणत्या पॅकेजमध्ये, म्हणजे ठरलेल्या दराच्या कोणत्या उपचारात, बसली हे तिच्यात नेमके असते. भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब अचानक का उतरला, हे पुढच्या भूलतज्ज्ञाला अत्यंत मोलाचे वाक्य तिच्यात असेलच असे नाही.

अमेरिकेत हाच प्रकार अवाढव्य प्रमाणात घडला. २००९ च्या कायद्यानुसार तिथल्या सरकारने रुग्णालयांना आणि डॉक्टरांना संगणकीय नोंदी वापरण्यासाठी तीस अब्ज डॉलरहून अधिक प्रोत्साहन रक्कम दिली, आणि काही वर्षांतच बहुतेक सर्व रुग्णालयांत मान्यताप्राप्त प्रणाली आली. तरीही एका रुग्णालयाची नोंद दुसऱ्यात सुखाने जाईना. प्रणाली विकणाऱ्या कंपन्यांना आपला ग्राहक सहज दुसरीकडे जाऊ नये असे वाटत होते, रुग्णालयांना आपला रुग्ण. शेवटी २०१६ मध्ये माहिती अडवून ठेवण्यास मनाई करणारा वेगळा कायदा त्यांना करावा लागला. इंग्लंडने २००२ मध्ये वरून खाली, सरकारी आज्ञेने सर्वांना एकाच व्यवस्थेत आणण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि सुमारे दहा अब्ज पौंडांच्या खर्चाचा तो कार्यक्रम २०११ मध्ये गुंडाळण्याची घोषणा केली. डेन्मार्कने १९९४ मध्ये मेडकॉम नावाची संस्था काढून कामाला लहान ठिकाणी हात घातला: डॉक्टर, प्रयोगशाळा, रुग्णालय आणि औषधविक्रेता यांच्यात जे कागद रोज सर्वांत जास्त फिरतात, तेवढ्यांचा नमुना आधी एक करायचा. प्रयोगशाळेचा निकाल लवकर हातात पडला तर तो मागवणाऱ्या डॉक्टरचेच काम हलके होते, म्हणजे कष्ट आणि लाभ तिथे एकाच माणसापाशी येतात. मला हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

नोंद झाली आणि ती पाठवलीही, तरी ती वाचणाऱ्याला तोच अर्थ कळेल याची खात्री नसते. कोविडच्या काळात डी-डायमर, म्हणजे रक्तात गुठळ्या होत असल्याची शंका तपासणारी चाचणी, हा शब्द घरोघरी पोचला होता. ही तपासणी प्रयोगशाळा दोन वेगवेगळ्या एककांच्या पद्धतीने देतात आणि एका पद्धतीचा आकडा दुसरीच्या साधारण दुप्पट येतो. सांगलीच्या एका प्रयोगशाळेचा रिपोर्ट आणि मिरजेच्या दुसरीचा रिपोर्ट यांचे नुसते आकडे एकाखाली एक मांडले, तर रुग्ण बिघडला की सुधारला हे उलटेही दिसू शकते. औषधांचे तर विचारूच नका. रक्तदाबाची टेल्मिसार्टन ही एकच गोळी जतच्या डॉक्टरांनी एका कंपनीच्या नावाने लिहिलेली असते, कोल्हापूरच्या हृदयरोगतज्ज्ञांनी दुसऱ्या, आणि आजी दोन्ही डब्यांतली रोज घेत असतात. संगणकाला हे कळायचे तर प्रत्येक आजाराला, तपासणीला, औषधाला ठरलेला संकेतांक हवा. त्यासाठी स्नोमेड सीटी नावाचा आंतरराष्ट्रीय वैद्यकीय कोश आहे, त्यात साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत, आणि भारत २०१४ पासून त्या संस्थेचा सदस्य असल्यामुळे तो आपल्याकडे विनाशुल्क वापरता येतो. केंद्र सरकारने संगणकीय आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये सुधारलीही. मानके आहेत, कोश आहे. "चार दिवस पोटात जाळ पडतोय, मळमळतंय" हे ऐकून त्यातील नेमकी संकल्पना निवडणारा माणूस आणि त्याचा वेळ मात्र नाही.

आणि ती नोंद कुणाची, हेही ठरवावे लागते. माझ्या रोजच्या कामातील सर्वाधिक डोकेदुखी हीच आहे. सांगली जिल्ह्यात पाटील किती आहेत हे सांगण्याची गरज नाही. एकाच गावातील, एकाच नावाचे, बापाचेही नाव एकच असलेले दोघे आमच्या नोंदवहीत सहज सापडतात. जुन्या पिढीतील पुष्कळांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच लिहिली. स्त्रियांची अडचण याहून मोठी: पहिले बाळंतपण माहेरच्या नावाने, दुसरे सासरच्या, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी आधार कार्डावर जे असेल त्या नावाने. कुडची, रायबाग, अथणीकडून येणाऱ्या रुग्णांची नावे कन्नडमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून आमच्या संगणकात येईपर्यंत तीन रूपे घेतात. मोबाईल नंबर म्हणावा, तर तो पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा असतो, ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि तो तेव्हा कामावर असतो. दोन माणसांची नोंद चुकून एक झाली तर एकाची पेनिसिलिनची ॲलर्जी दुसऱ्याच्या नावावर चढते आणि ज्याला ती खरोखर आहे त्याच्या नावावरून उतरते. म्हणून शंका आली की आम्ही नवा नंबर देतो. ते सुरक्षित असते, पण इतिहास तुटतो.

या प्रश्नावर उपाय म्हणून आयुष्मान भारत डिजिटल मिशन आले. त्याचा देशव्यापी आरंभ २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाला आणि त्याअंतर्गत आभा हा चौदा अंकी क्रमांक मिळतो. खिडकीशी येणाऱ्या बहुतेकांना वाटते की आभा काढले म्हणजे आपले सर्व कागद सरकारच्या एका मोठ्या संगणकात गेले. तसे नाही. नोंद जिथे तयार झाली त्याच रुग्णालयाकडे ती राहते. रुग्णाने ॲपवर ठरावीक काळापुरती संमती दिली की दुसऱ्या डॉक्टरकडे तिची प्रत जाते. ही रचना मला पटते, कारण सगळ्या देशाचे आजार एका तिजोरीत ठेवणे धोक्याचे आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा तिथले काम कित्येक दिवस कागदावर करावे लागले होते. परंतु नोंद रुग्णालयाकडेच राहणार, तर ती सांभाळण्याचा भारही रुग्णालयावरच पडतो. आमच्यासारखी संस्था तो कसाबसा उचलते. दहा खाटांचे नर्सिंग होम चालवणारे डॉक्टर निवृत्त झाले, किंवा त्यांनी सॉफ्टवेअर बदलले, तर जुन्या नोंदींचे काय? आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्यात असा वैद्यक परिषदेचा नियम आहे. रुग्णाचे आयुष्य मात्र तीन वर्षांचे नसते. शिवाय जोडल्या जाणाऱ्या नोंदी पीडीएफच्या रूपातही चालतात, म्हणजे तीच हस्ताक्षरातील चिठ्ठी, फक्त काचेआडून वाचायची.

डॉक्टरांच्या मनातील भीतीबद्दल मोकळेपणाने बोलले जात नाही, म्हणून ते लिहिते. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. तो निर्णय योग्यच होता, पण तेव्हापासून लिहिलेले प्रत्येक वाक्य उद्या पुरावा होईल या जाणिवेने डॉक्टर लिहितात. गर्भलिंगनिदान रोखण्याच्या कायद्याखाली गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी जो एफ फॉर्म भरावा लागतो, त्यातील त्रुटीवरून खटले होतात हे त्यांनी पाहिले आहे. स्वतःच्या कपाटातील कागद एक गोष्ट, आणि कुणीही संमती मिळवून उघडू शकेल अशी नोंद दुसरी. सावध माणूस दुसरीत कमी लिहितो. रुग्णही काही कमी सावध नसतात. गर्भपात, एचआयव्ही, मानसिक आजार यांची नोंद सासरच्या माणसाच्या मोबाईलवर उघडणार असेल, तर ती न झालेलीच बरी असे वाटणाऱ्या स्त्रीला मी चूक ठरवू शकत नाही. मोबाईल एकाचा आणि संमती दुसऱ्याची, या आपल्या घरांतील वास्तवाला कोणत्याही ॲपने अजून समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

माझ्या हातात असते, तर मी सांगली-मिरजेपुरते दोनच कागद निवडले असते: डिस्चार्ज कार्ड आणि प्रयोगशाळेचा रिपोर्ट. दोन्ही आजही बहुतेक ठिकाणी संगणकावरच तयार होतात, म्हणजे डॉक्टरच्या दोन मिनिटांतून काहीही कापावे लागत नाही. औषधांची नावे मूळ घटकांसह आणि तपासणीची एकके ठरलेल्या पद्धतीने लिहिण्याचे काम प्रशिक्षित लिपिकाकडे द्यावे आणि त्याचा पगार योजनेच्या पैशातून निघावा; क्षयरोगात डॉक्टरला नोंदीचे मोल देता येते, तर मधुमेहात का देता येऊ नये? ओपीडीची प्रत्येक भेट संगणकावर आणण्याचा आग्रह मी पुढची अनेक वर्षे धरला नसता.

तोवर पिशवी आणावीच लागेल, पण ती हलकी करता येईल. शेवटचे डिस्चार्ज कार्ड, शेवटचा ईसीजी, असल्यास अँजिओग्राफीचा किंवा बायोप्सीचा रिपोर्ट, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते, आणि सध्या चालू असलेल्या गोळ्या त्यांच्या पाकिटांसह, एवढे असले तर कोणत्याही नव्या डॉक्टरचे काम भागते. या सर्वांचे तारीख दिसेल असे फोटो घरातील दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. आणि दाखल असतानाच्या नोंदींची प्रत मागितली तर ती ७२ तासांत देणे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. अर्ज लेखी द्या, त्याची पोच घ्या, आणि रुग्णाचा नोंदणी क्रमांक माहीत असेल तर तो अर्जावर ठळक लिहा, म्हणजे आम्हाला पाटलांच्या गठ्ठ्यातून नेमकी फाईल काढता येते.