आडवं आलेलं पान

‘ताई, एक पान आडवं येतंय. तोडत नाही, नुसतं मागे बांधू का? रबरबँड आहे माझ्याकडे.’

मी नाही म्हटलं होतं. स्पष्ट म्हटलं होतं. तरीही फेब्रुवारीतली ती शनिवारची सकाळ डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

गोव्यातल्या मोलेच्या जंगलात मी गाइड आहे. त्या दिवशी पुण्याचे पाच जण होते, कॉलेजपासूनचे मित्रमैत्रिणी, दरवर्षी एक शनिवार-रविवार जंगलात काढणारे. सफारी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ताडोबा येतो, उघडी जिप्सी, पाणवठा आणि वाघ. इथे तसं नाही. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीप धबधबा बघणाऱ्यांसाठी असतात. त्या ओढ्यातून घरघरत निघाल्या की जनावरं केव्हाच आत सरकलेली असतात. मोले पायी, पहाटे आणि तोंड बंद ठेवून बघायचं. वाघाचं विचारतातच सगळे. त्यांना मी २०२० च्या जानेवारीतली गोष्ट सांगते. शेजारच्या सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. हे ऐकल्यावर गट आपोआप गप्प होतो आणि मग चालायला बरं पडतं.

त्यांना दहाची जीप गाठायची होती. म्हणजे माझ्या हातात जेमतेम तीन तास. मी फ्रॉगमाउथ दाखवायचं ठरवलं.

हा पक्षी जगात फक्त पश्चिम घाटात आणि श्रीलंकेत आहे. बेडकासारखं रुंद तोंड, रात्री किडे टिपायचे आणि दिवसभर जोडीने एकाच फांदीवर अंगाला अंग लावून बसायचं. नर करडा, अंगावर नक्षी जास्त. मादी वाळक्या पानासारखी तांबूस. चाहूल लागली की चोच आभाळाकडे करून डोळ्यांच्या फटी करतात, आणि मग दोन फुटांवरूनही मोडक्या फांदीचं खोडच वाटतात. त्यांना शोधताना पक्षी शोधायचा नाही. जे वाळकं पान पानासारखं लोंबत नाही, ते शोधायचं. खालच्या झुडपावर पांढरी शीट दिसली की मान वर करायची. हे मला बाबांनी शिकवलं. पक्ष्याला बोलवायला मी त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवत नाही आणि तो कुठे बसलाय ते दाखवायला हिरवा लेझर मारत नाही. आमच्यातले काही जण खिशात ब्लूटूथ स्पीकर घेऊन फिरतात, त्यांना बक्षिशीही जास्त मिळते. मला ते पटत नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

नेहमीची फांदी रिकामी होती. पंधरा पावलांवर, माझ्या डोक्याच्या थोडं वर, एका दुबेळक्यात नर एकटाच बसला होता. छाती फुगवलेली, पोट फांदीला टेकलेलं. या दिवसांत नर दिवसा एकटा असा बसलेला दिसला तर एकच अर्थ होतो, घरटं. दिवसा अंडं तोच उबवतो. अंडं एकच असतं. घरटं म्हणजे स्वतःच्या मऊ पिसांची वीतभरसुद्धा नसलेली गादी, वरून शेवाळ आणि सालीचे तुकडे लावलेली.

मला हे दोन क्षणांत कळलं होतं. तिथूनच मागे फिरायला हवं होतं. पण पाच जणांचे श्वास माझ्या मागे थांबले होते आणि माझा पक्षी मला दाखवायचा होता. मी म्हटलं, दोन मिनिटं, पुढे पाऊल टाकायचं नाही.

पानाचं विचारणारा मुलगा त्या पाचांत सगळ्यांत जाणता होता. हा नर आहे, हे त्याने न सांगता ओळखलं होतं. त्याची अडचणही खरी होती. ६०० मिमीची लेन्स होती आणि फोकस पुन्हा पुन्हा त्या पुढच्या पानावर जात होता. मी त्याला हळू आवाजात सांगितलं की १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्याच्या घरट्याला किंवा अंड्याला त्रास देणं शिकारीच्या व्याख्येत बसतं. तो चटकन म्हणाला, ‘सॉरी ताई, नको मग.’

तेवढ्यात मागून एक मुलगी कळवळली. वाटेवरच्या खाजकुइलीच्या वाळल्या शेंगेला तिचा हात लागला होता. ती कुसं चोळली की पसरतात, म्हणून मी चिकटपट्टी जवळ ठेवते. पट्टी दाबायची, सरळ उचलायची, पुन्हा नवी लावायची. यात सात-आठ मिनिटं गेली. परत आले तेव्हा तो होता तिथेच उभा होता, कॅमेरा खाली. घड्याळ बघून आम्ही निघालो. मी वर पाहिलं नाही. नराला आणखी एकदा नजर नको, असं मनात होतं.

रात्री त्या मुलाने फोटो पाठवले. पहिल्या दोनांत नराच्या छातीवर ते पान आडवं होतं. तिसऱ्यात नव्हतं.

रविवारी उजाडताच मी एकटी गेले. डहाळी मागे ओढून निळ्या रबरबँडने शेजारच्या वेलीला बांधलेली होती. तिच्या जागी जी फट पडली होती तिच्यातून उजेड थेट नराच्या पाठीवर येत होता. रबरबँड सोडवायला मला हातभर अंतरावर जावं लागलं. तो हलला नाही, फक्त चोच वर गेली. डहाळी जागेवर आली, पण पान मलूल होऊन देठातून लोंबत राहिलं. फट बुजली नाही.

मंगळवारी घरटं रिकामं होतं. खाली टरफलाचा तुकडाही नाही. इथे टकाचोर पक्षी आहेत, माकडं आहेत, झाडावर चढणारे साप आहेत. कोणी न छेडलेली घरटीही उजाड होतात, मी कितीतरी पाहिली आहेत. त्यामुळे पान जागेवर असतं तर अंडं वाचलं असतं, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. वाचलं नसतं, असंही सांगू शकत नाही.

मी त्या मुलाला फोन केला. त्याने काही लपवलं नाही. ‘फोटो झाला की सोडणार होतो, जीपची घाई झाली आणि राहिलं,’ म्हणाला. मग बराच वेळ काही बोललाच नाही. मी रागावून फोन केला होता, पण ओरडता आलं नाही. तिथवर त्याला मीच नेलं होतं.

२०२० मध्ये रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं रुंदीकरण आणि वीजवाहिनी यांच्यासाठी मोलेची झाडं जाणार म्हणून गोवाभर लोक उभे राहिले, तेव्हा मीही फलक धरून उभी होते. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या रेल्वेमार्गाची वन्यजीव मंजुरी रद्द केली, तो दिवस आमच्या घरात सणासारखा गेला. ते आठवलं की त्या डहाळीकडे पाठ करून घालवलेली सात-आठ मिनिटं जास्तच टोचतात.

तो फोटो त्याने कुठेच टाकला नाही, मलाही पुसून टाका म्हणाला. मी पुसलेला नाही. मोठा करून पाहिला तर नराच्या पोटाखालून अंड्याची पांढरी कड दिसते.