तिकिटावरचा दीड तास

नागपूर ते मुंबई विमानाने किती वेळ, असं कुणी विचारलं की लोक पटकन सांगतात, दीड तास. तिकिटावर तसंच असतं. अवयव प्रत्यारोपण समन्वयकाच्या नोकरीत आल्यापासून मला हे उत्तर देता येत नाही.

त्या दिवशीचा दाता काटोलकडचा तरुण होता. दुचाकीचा अपघात. सहा तासांच्या अंतराने दोन्ही चाचण्या झाल्या, मेंदू मृत असल्याचं डॉक्टरांच्या समितीने लिहून दिलं आणि घरच्यांनी होकार दिला. यकृत आणि मूत्रपिंडांची मला फारशी चिंता नव्हती, त्यांना शरीराबाहेर बराच जास्त वेळ मिळतो. हृदयाला मात्र चारच तास, आणि ते मुंबईला जायचं होतं.

सरळ रेषेत हे अंतर 680 किलोमीटरच्या आसपास आहे. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, म्हणजे त्या वाटेने जाण्याचा प्रश्नच नव्हता. चार्टर जेट सव्वा तासात उतरतं. पण घड्याळ विमान उडाल्यावर सुरू होत नाही. दात्याच्या महाधमनीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, चिमटा लागून रक्त थांबलं की सुरू होतं आणि मुंबईत हृदयात पुन्हा रक्त वाहू लागलं की थांबतं. तिकडे शिवायलाच तासभर जातो. बाहेर काढणं, बर्फात पॅक करणं, दोन्हीकडचे रस्ते हे सगळं उरलेल्यात बसवायचं.

दुपारी पायलटचा फोन आला, मुंबईत गर्दी आहे, निघायला वीस मिनिटं उशीर होईल. तिथे एका वेळी एकच धावपट्टी चालते. ‘मेडिकल फ्लाइट’ला प्राधान्य मिळतं, तरी हवेत असलेली विमानं काही गायब होत नाहीत. मी धावत ऑपरेशन थिएटरमध्ये, ओटीत, निरोप दिला. मुंबईहून आलेल्या सर्जननी हृदय तपासून ठेवलं होतं, फक्त चिमटा लावायचे ते थांबले. चिमट्याआधीचा उशीर चालतो, नंतरचा एक मिनिटही नाही. हे एकदा डोक्यात बसलं की विमानाच्या वेळापत्रकाकडे बघण्याची दृष्टीच बदलते.

4:10 ला चिमटा लागला. साडेचारला पेटी अँब्युलन्समध्ये. धंतोलीपासून सोनेगाव विमानतळापर्यंत एरवी वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. वाहतूक पोलिसांनी चौक मोकळे ठेवले होते, अजनीचा डबलडेकर पूल रिकामा, नऊ मिनिटांत पोचलो. 4:50 ला उड्डाण. थंडीत पश्चिमेचा वारा समोरून येतो, म्हणून पाच-दहा मिनिटं मी आधीच जास्त धरली होती. 6:05 ला ‘उतरलं’ असा मेसेज आला, साडेसहानंतर पेटी ओटीत.

मी परतले तेव्हा दात्याचे काका बाकावर बसले होते. ‘पोचलं का जी?’ त्यांनी विचारलं. पोचलं म्हटलं. किती टाइम लागला, तेही विचारलं. हॉस्पिटलपासून हॉस्पिटलपर्यंत दोन तासांच्या थोडं वर, मी सांगितलं.

‘त्याले काटोलहून इथं आणाले आमाले तेवढाच टाइम लागला. आधी गाडीच भेटेना.’

काटोल साठेक किलोमीटर. आवाजात राग नव्हता, हिशेब सांगावा तसं बोलले. मला काही उत्तर सुचलं नाही. अपघाताची केस असल्याने शवविच्छेदन बाकी होतं, पोलिसांचे कागद यायचे होते. मी शववाहिनीवाल्याला फोन लावला आणि निघायची वेळ पक्की करून घेतली.