सोळा आण्यांचं दुखणं

आमच्या गाडीला तालुक्यात 'कॅन्सरची गाडी' म्हणतात. दारावर 'पॅलिएटिव्ह केअर' असं ठळक लिहिलंय, पण त्याचा अर्थ मला माझ्या सख्ख्या आईलाही नीट सांगता आलेला नाही. बऱ्या न होणाऱ्या माणसाचं दुखणं कमी करायला आम्ही घरी जातो, एवढंच सांगते. त्यावर ती म्हणते, "मग बरं कुणाला करता?"

2019 चा मे महिना होता. माण तालुक्यात पाण्याचा ठणठणाट, चारा छावण्या भरलेल्या. मंगळवारी डॉक्टर मॅडम गाडीसोबत असतात, म्हणून सकाळीच कपाट उघडून मॉर्फिनच्या गोळ्या मोजत होते. या कपाटाच्या किल्ल्या आणि रजिस्टर दागिन्यांसारखं सांभाळावं लागतं. तेवढ्यात आशाताईंचा फोन आला. "सिस्टर, आबा रातभर भिंतीला डोकं घासत्यात. घरात कुणी जेवलं न्हाय."

आबांची फाईल काढली. गालाचा कॅन्सर, वय पंचाहत्तरच्या आसपास. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाने नाकातून नळी घालून 'घरी सेवा करा' असं लिहून पाठवलं होतं. कुठली सेवा, कुणी करायची, दुखल्यावर कुणाला फोन करायचा, याचं कागदावर अवाक्षर नाही. पण त्यांना नावं ठेवायला मला तोंड नव्हतं. त्याच फाईलमध्ये आठवड्यापूर्वीचं माझं अक्षर होतं: 'वेदना: सांगू शकत नाही.' तेव्हा शून्य ते दहाचा आकडा विचारला, आबा नुसते बघत राहिले, आणि मी ट्रामाडॉल, म्हणजे मॉर्फिनहून सौम्य वेदनाशामक, देऊन पुढच्या घरी गेले होते.

वस्तीवर पोचलो तर सूनबाई वाटेतच उभी. "गाडी मारुतीपाशी लावा की ताई. पोरीला बघाय पावणं यायचं हायती." गाडी दारात दिसली की सोयरीक मोडते, हे आता आम्हाला पाठ आहे. सामान डोक्यावर घेऊन चालत गेलो.

आबांची बाज शेळ्यांच्या छपरात होती. कुणी दुष्टपणाने ठेवली नव्हती, घरात वासाने नातवंडांना अन्न जात नव्हतं. आजी मात्र तिथंच पदर नाकाला न लावता बसलेली. फडकं काढलं तर उजव्या गालाला आरपार भोक पडलेलं, आणि आत अळ्या वळवळत होत्या. मे महिना, शेळ्या, माशा. व्हायचं तेच झालं होतं. सूनबाई मागच्या मागे बाहेर गेली. नात मात्र मोबाईलची बॅटरी धरून उभी राहिली, हीच ती, जिला बघायला पाहुणे येणार होते.

टर्पेंटाइनचा बोळा जखमेच्या तोंडाशी धरला की अळ्या वर येतात, मग चिमट्याने एकेक उचलायची. घाई केली की आत शिरतात. पण चिमटा लावण्याआधी दुखणं आवरायला हवं होतं, आणि ते किती आहे हेच कळत नव्हतं. मी परत तोच प्रश्न विचारला. आबा, शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, किती? आबांनी डोळे मिटून घेतले. जबडा एक बोटभरही उघडत नव्हता.

आजी कातावली. "त्येस्नी तुमचं शून्य-धा काय कळतंय! आण्यात इचारा. मेंढरांचा समदा बाजार त्येंनी बोटाच्या पेरावर केलाय."

मी विचारलं, "आबा, रुपयात किती आणे दुखतंय?"

आबांनी डोळे उघडले. उजवा हात पुढे केला आणि अंगठा करंगळीच्या मुळाशी ठेवला. मग एकेक पेर वर, टोक, पुढचं बोट. एका बोटाची तीन पेरं आणि टोक मिळून चार, चार बोटांचे सोळा. अंगठा सरकत सरकत तर्जनीच्या तिसऱ्या पेरावर थांबला. पंधरा आणे. टोकाला मुद्दाम लावला नाही, एक आणा राखून ठेवला. माणूस बाजारातला.

गेला आठवडाभर हा हात माझ्यासमोर होता.

आजीने मग पुढचंही सांगितलं. गालात ठणका असतो, तो दिवसभर. पण रात्री कानाकडे चमक जाते, तेव्हा डोकं आपटतात. ठणका वेगळा, चमक वेगळी, आग वेगळी. मराठीत दुखण्याला इतके शब्द आहेत की निम्मं निदान त्यातच होतं, ऐकून घेतलं तर. चमक म्हणजे नस. मॅडमनी त्यासाठी रात्रीची अमिट्रिप्टिलिन लिहिली, ठणक्यासाठी मॉर्फिन, आणि पोट साफ राहायला बिसाकोडिल, कारण मॉर्फिनने शौच घट्ट होतेच होते. दहा मिलिग्रॅमची अर्धी गोळी चमचाभर पाण्यात विरघळवून नळीतून दिली आणि घड्याळ लावून बसलो.

एवढ्यात छावणीवरून थोरला मुलगा मोटारसायकलवर आला. कुणीतरी त्याला फोन केला असावा. "अफू देताय म्हणं? मंजी आता संपवायचं चाललंय का?"

मॅडम त्याच्याशी शेळ्यांच्या दावणीपाशी बसून बोलल्या. गोळी अफूपासूनच बनते, हे त्यांनी लपवलं नाही. ही अफू मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने पिकते, परदेशातही जाते. आपल्याच माणसांना मिळत नाही. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने नशेखोरांबरोबर रुग्णांचीही वाट अडवली. त्या साली देशात औषधासाठी 716 किलो मॉर्फिन वापरलं गेलं होतं, 1997 साली ते 18 किलोवर आलं. एका साठ्यासाठी चार-पाच परवाने, एक हाती येईस्तोवर दुसऱ्याची मुदत संपायची. 2014 च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थेला एकाच परवान्यावर ठेवता येतं, म्हणून आज आमच्या पिशवीत ते होतं. एका गोळीची किंमत कटिंग चहाएवढीही नाही. तालुक्यातला एकही दुकानदार मात्र ती ठेवायला तयार नाही, आणि त्याचंही मला नवल वाटत नाही.

मुलाला 716 आणि 18 शी काय देणंघेणं! तो एकच म्हणत होता, "नाद लागला तर?"

आजी छपरातून ओरडली, "लागू दे की नाद! तंबाकूचा लागला तवा कुणी इचारलं न्हाय!"

पाऊण तासाने आबांचा अंगठा अनामिकेच्या टोकावर होता. आठ आणे. मग चिमटा घेतला. बावन्नपर्यंत मोजल्या, पुढे मोजायचं सोडून दिलं. जखम धुऊन मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची भुकटी भरली, त्याने वास उतरतो. नातीचा हात एकदाही हलला नाही. आम्ही हात धुतले तेव्हा आबा झोपले होते, आणि आजी भिंतीला टेकून शिळी भाकरी खात होती. चहा घेतल्याशिवाय सूनबाईने सोडलं नाही.

परतताना मला कोझिकोड आठवत होतं. तिथं दीड महिना शिकायला होते. केरळात 1993 साली एका मेडिकल कॉलेजात सुरू झालेलं हे काम पुढे गावागावांत गेलं. मलप्पुरममध्ये रिक्षावाले आणि शाळामास्तर रुग्णांच्या घरी जातात, पंचायतीची नर्स असते. तिथल्या एका स्वयंसेवकाने मला सांगितलं होतं, पहिल्या भेटीत फाईल उघडू नका. मी मान डोलावून वहीत उतरवूनही घेतलं होतं.

संध्याकाळी रजिस्टर भरताना अडले. रकाना दहापैकी आकड्याचा. पंधरा आण्यांचे किती होतात याचं त्रैराशिक करण्यापेक्षा सरळ '15 आणे' लिहिलं. पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी भिंग लावल्यासारखं बघून विचारलंच, हे काय? मॅडम म्हणाल्या, "साहेब, जुनं चलन आहे, पण इथं चालतं."

पुढच्या मंगळवारी बाज ओसरीवर आली होती. अंगठा करंगळीच्या मधल्या पेरावर, दोन आणे. आबांनी त्या हातानेच शेळीकडे बोट करून तिला पाणी पाजायला सांगितलं. पाहुणे येऊन गेले होते. जमलं नाही, पण हुंड्यावरून.

त्यानंतर बारा दिवसांनी आबा गेले. आशाताई म्हणाल्या, पहाटे, झोपेत.

दहावा उरकून थोरला मुलगा स्वतःहून आमच्या खोलीवर आला. गोळ्यांची बाटली टेबलावर ठेवली आणि खिशातून कॅलेंडरच्या कागदाची पुडी काढली. उरलेल्या गोळ्या परत करायच्या असतात हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं, त्याच्या ध्यानात राहिलं होतं. मी मोजल्या. अकरा, आणि पुडीत अर्धी. त्याने सही केली, मग रजिस्टर आपल्याकडे फिरवून घेतलं.

"अर्धी बी लिवली न्हवं?"

"लिहिली. साडेअकरा."

त्याने आकड्यावर बोट ठेवून खात्री केली आणि गाडीला किक मारली.