चक्राचे आरे

देवगड तालुक्यातली खाडीकाठची आमची जिल्हा परिषद शाळा. आम्ही दोनच शिक्षिका. गेल्या १४ ऑगस्टला दुपारी ध्वज बाहेर काढला, तर पांढऱ्या पट्ट्यावर बुरशीचे काळे ठिपके उठलेले आणि हिरव्याची कड चार बोटं उसवलेली. आमच्याकडचा पावसाळा कपाटातल्या खादीलाही सोडत नाही. असा ध्वज लावायचा नसतो.

बाजारातून घाईने दुसरा आणवला. पॉलिस्टरचा होता, २०२१ च्या डिसेंबरपासून तेही चालतं. बाकावर पसरून मुलांना सांगायला लागले. हिरवा म्हणजे मातीशी, झाडापेराशी नातं, असं राधाकृष्णन संविधान सभेत म्हणाले होते. लावणी झालेल्या मळ्यांच्या बांधावरून शाळेत येणाऱ्या पोरांना ते वेगळं समजवावं लागत नाही. मधलं चक्र सारनाथच्या सिंहस्तंभावरचं. आरे २४, ३६० भागिले २४, म्हणजे दोन आऱ्यांत १५ अंश.

पाचवीतली एक मुलगी, एरवी वर्गात तोंडही न उघडणारी, बोट ठेवून मोजत होती.

"बाईनू, हेच्यात बावीसच आसत."

मी मोजले. बावीसच. पुन्हा मोजले. खांबावर चढल्यावर खालून कोण मोजतंय, असं क्षणभर मनात आलं आणि त्या विचाराचीच लाज वाटली. ध्वज घडी करून ठेवून दिला.

तिचे आजोबा तांडेल. संध्याकाळी भर पावसात त्यांनी होडीने मला पलीकडच्या हायस्कूलला नेलं. तिथल्या मुख्याध्यापकांनी त्यांच्याकडचा जादा खादीचा ध्वज दिला. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, रेनकोटच्या आत छातीशी धरून आणला. रात्री शाळेमागच्या पडवीत, कुणालाही न बोलावता, आम्ही दोघींनी जुना ध्वज अख्खाच अग्नीला दिला. ध्वजसंहितेत तसंच सांगितलंय. दमट खादी लगेच पेट घेत नाही. सगळी जळून राख होईपर्यंत आम्ही उभ्या होतो, बोललो काहीच नाही.

सकाळी पावसाची झड होती. भिजून फुगलेली दोरी कप्पीत अडकू नये म्हणून आजोबांनी ती बदलून कप्पीला खोबरेल लावलं होतं. ध्वज एका दमात वर गेला.

सूर्यास्ताला उतरवला तेव्हा ओलाचिंब. वर्गात दोरीवर वाळत घातला. ती मुलगी मागे रेंगाळली होती. तिला म्हटलं, आधीच्या ध्वजावर चरखा होता. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने आजचा ध्वज स्वीकारला, तेव्हा त्यातलं फक्त चाक ठेवलं. अख्खा चरखा मागून उलटा दिसतो, चाक दोन्हीकडून सारखंच. ते नेहरूंनी सभेत सांगितलं होतं.

ती काही न बोलता दोरीखालून वाकून पलीकडे गेली. ओल्या कापडावर तिच्या बोटाची सावली सरकताना मला अलीकडून दिसत होती.

"पाटसून पण चोवीसच."