मिठाचा वास

"आई, पिऊ नका. आधी नुसता वास घ्या," जावई म्हणाला आणि मला हसू आलं. सासूच्या हातात दारूचा ग्लास द्यायचा आणि वर पिऊ नका म्हणायचं! अमेरिकेत, केंटकीतल्या बार्ड्सटाउनला, बर्बन नावाची व्हिस्की गाळणाऱ्या एका डिस्टिलरीच्या थंडगार खोलीत आम्ही बसलो होतो. बाहेर जुलैचं ऊन रणरणत होतं. प्रत्येकापुढे दोन छोटे ग्लास, बुडाशी फुगीर, तोंडाशी निमुळते. शिकवणारी बाई साधारण माझ्याच वयाची. ती म्हणाली, नाक ग्लासात खुपसू नका, ओठ किंचित उघडे ठेवा, हलकेच श्वास घ्या. वाइनसारखा ग्लास घुसळायचाही नाही. घुसळला की अल्कोहोलचा भपकारा येतो आणि नाक बधिर होतं.

ओठ उघडे ठेवून वास घ्यायला मी सासूबाईंकडेच शिकले होते, गौरीच्या स्वयंपाकात. नैवेद्य दाखवेपर्यंत काहीही जिभेवर ठेवायचं नाही. सोळा भाज्या, आमटी, पुरण, कशाचीच चव बघायची सोय नाही. सासूबाई आमटीवरचं झाकण काढायच्या, वाफेत चेहरा धरायच्या, तोंड जरासं उघडं, डोळे मिटलेले. मग म्हणायच्या, "चिमूटभर मीठ घाल गं." मिठाला वास नसतो हे मलाही ठाऊक आहे. सासूबाईंना ते कुणी सांगितलं नव्हतं. आणि पंगतीत कुणी मीठ मागून घेतल्याचं मला आठवत नाही. मामंजींनीसुद्धा नाही, आणि ते तर पेल्यातल्या पाण्यालाही नावं ठेवणारे.

तर बर्बन. हिचं सोवळंओवळं सासूबाईंच्या तोडीचं आहे. मका किमान ५१ टक्के हवा. पिंप ओकचं, कोरं करकरीत आणि आतून जाळलेलं. वरून रंग नाही, गंध नाही. १९६४ साली तर अमेरिकेच्या काँग्रेसने ठरावच केला की ही आमच्या देशाची खास चीज. भट्टीतून निघते तेव्हा ती पाण्यासारखी नितळ असते, तो तांबूस रंग सगळा जळक्या लाकडाचा. उन्हाळ्यात ती लाकडात शिरते, थंडीत पुन्हा बाहेर येते, असं वर्षानुवर्षं.

त्या पिंपांची गोदामं आम्हाला आधीच दाखवली होती. उंचच उंच, पत्र्याची. भिंती काळ्या, शेजारच्या झाडांची खोडंही काळी. ती एक बुरशी असते म्हणे, पिंपांतून उडणाऱ्या वाफेवर जगणारी. दरवर्षी पिंपातून थोडी थोडी दारू अशी उडून जाते, तिला हे लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. आमचे देव नैवेद्याचा वास घेतात आणि ताट जसंच्या तसं परत देतात. इथे पिंप खरोखर कमी होतं. देवाने खाल्लेला नैवेद्य मी पहिल्यांदाच पाहिला.

मग एकदाचा घोट. पहिला मोजायचा नाही, तो तोंडाला सवय व्हावी म्हणून. दुसरा जिभेवर फिरवायचा, चक्क चावायचा. जिम बीम या बर्बनवाल्यांच्या घराण्यातल्या बुकर नो यांची ही लकब, 'केंटकी च्यू'. छातीत ऊब उतरेपर्यंत गप्प बसायचं. एका ग्लासातल्या बर्बनमध्ये मक्याबरोबर राय नावाचं धान्य होतं, ती मिरी-लवंगेसारखी झोंबली. दुसरीत रायऐवजी गहू, मेकर्स मार्कवाले घालतात तसा. ती मवाळ. पाण्याचे दोन थेंब टाकले तर दोघींनीही सूर बदलला.

काय काय जाणवतंय, बाईने विचारलं. कुणी चेरी म्हणालं, कुणी बटरस्कॉच. एक गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, "जुनं खोगीर." बाटल्यांच्या मागे असल्या याद्या छापतात त्यांचा मला मनस्वी राग आहे. मी काही खोगीर चाटलेलं नाही, आणि त्या गृहस्थांनी चाटलं असेल असं त्यांच्याकडे बघून वाटत नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, सुकं खोबरं. काळ्या मसाल्यासाठी लोखंडी तव्यावर भाजतो ना, अगदी करपायच्या आधीचं. लेकीने त्याचं इंग्रजी केलं. बाई एवढी खूश झाली! ओकमध्ये खोबऱ्याच्या वासाचं द्रव्य असतंच, म्हणाली. खोगीरवाल्यांनी पुन्हा ग्लास नाकाला लावला. मी उगाचच आणखी एक घोट घेतला.

एकदा बर्बन काढली की ते पिंप पुन्हा बर्बनला चालत नाही. मग रिकामी पिंपं स्कॉटलंडला जातात. आपल्या गोव्यातही जातात, कुंकळ्ळीला, पॉल जॉनची माल्ट व्हिस्की मुरते ती असल्याच पिंपांत. तिथल्या उकाड्यात देवदूतांची चंगळ असणार.

परतताना जावई म्हणाला, आपल्याकडे वास कुणी घेतच नाही बघा, सोडा ओतायचा, घशाखाली ढकलायचं, वर मूठभर शेंगदाणे. खरं आहे. लहानपणी आमच्या चाळीत खालच्या मजल्यावरचे काका पगाराच्या दिवशी तसेच पीत. काका वास घेत नसत. वास काकू घ्यायच्या, दाराची कडी काढल्या काढल्या. देशी की इंग्लिश, किती झालीय, खिशात काही उरलंय का, सगळं त्यांना तिथल्या तिथे कळायचं. आणि त्यावरून ठरायचं, मुलांनी आज घरी झोपायचं की वर आमच्याकडे.