माळकरी आई-बाबांना बोनला नेताना

बोनला जायचं ठरलंय हे कळल्यावर मावशीचा फोन आला. "अरे, माळकरी माणसं ती. दारूच्या गावाला काय म्हणून नेतोस त्यांना?" तेव्हा काही बोललो नाही, पण मनाला लागलं. म्हणून इथे लिहितोय.

बोन हे फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतातल्या वाइनचं मुख्य ठाणं, हे खरंच. पण मी त्यांना नेतोय ओतेल-दियू बघायला. हे गोरगरिबांचं रुग्णालय. लढाया आणि उपासमारीने मुलूख खंगलेला असताना, १४४३ साली, बर्गंडीच्या ड्यूकचा चान्सलर, म्हणजे मुख्य कारभारी, निकोला रोलां आणि त्याची बायको गिगोन द सालां यांनी ते स्थापन केलं. १९७१ पर्यंत तिथे रोगी होते.

आई सिव्हिलमध्ये सिस्टर होती. तिला त्या लांबलचक दालनाचं वर्णन करून सांगितलं. दोन्ही भिंतींना ओळीने खाटा, लाल पडदे, आणि टोकाला प्रार्थनेची जागा, रोग्याला पडल्यापडल्या दिसेल अशी. तिने एवढंच विचारलं, "एका खाटेवर किती पेशंट?" बऱ्याचदा दोन. "मग आमच्यासारखंच की," म्हणाली.

रस्त्यावरून बघाल तर छप्पर साध्या काळसर दगडी पाट्यांचं. अंगणात शिरलं की लाल, पिवळ्या, हिरव्या चकचकीत कौलांची नक्षी. सगळा थाट रोग्यांच्या बाजूला. मला या इमारतीचं सर्वांत जास्त कौतुक याचंच आहे.

आता मावशीच्या प्रश्नाचं उत्तर. लोकांनी शतकानुशतकं या संस्थेला द्राक्षमळे दान दिले. आज तिच्याकडे साधारण ६० हेक्टर मळे आहेत. तिथली वाइन नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी लिलावात विकतात. ही प्रथा १८५९ पासूनची, आणि त्यातला पैसा आजही बोनच्या सध्याच्या रुग्णालयाच्या कामी येतो. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव कोरतात तशी इथे वाइनला दात्यांची नावं आहेत. आपल्याकडे दानत कमी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. गाडगेबाबांच्या धर्मशाळा कुणा चान्सलरच्या तिजोरीतून उभ्या राहिल्या नाहीत. आणि नाशिकच्या द्राक्षांची वाइन होते म्हणून नाशिकला कुणी दारूचं गाव म्हणत नाही ना?

मला खरा राग आहे तो फ्रान्समधल्या जेवणाच्या वेळांचा. बाराला स्वयंपाकघर उघडणार, दोनला बंद. सव्वादोनला दारात उभे राहा, आत माणसं जेवत असतात, तरी तुम्हाला नकार. मग सातपर्यंत नीट जेवण नाही. बाबांना मधुमेह आहे, हे सांगितलं तरी खांदे उडवतात. आपल्याकडे साध्या खानावळीतही आजारी माणसासाठी दोन पोळ्या टाकून देतील. वर बर्गंडीच्या स्वयंपाकात अंडीसुद्धा लाल वाइनमध्ये शिजवतात, तिथे माळकऱ्याने काय खायचं? कामगारांनाही विश्रांती हवी हे मला पटतं. पण पाहुण्याला उपाशी परत पाठवणं मला अजून जमत नाही, आणि जमू नये असंच वाटतं.

तेव्हा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून न्यायची. लियॉंहून दिजोंकडे जाणारी सकाळची साधी गाडी बोनला थांबते. लिलावाच्या आठवड्यात खोल्या मिळणं मुश्कील, म्हणून ऑक्टोबर धरलाय. तोवर द्राक्षतोडणी उरकलेली असते आणि मळे पिवळे पडायला लागतात. आधी ओतेल-दियू, आईला हवा तेवढा वेळ. मग तटबंदीच्या कडेने बाबांना झेपेल तेवढं चालायचं. वाइनच्या तळघरांत आम्ही जाणार नाही. मावशी, बाबांशी बोलून घे, तेच आता निघायची घाई करताहेत.